दुबईला निघण्याआधी बॅग पुन्हा उघडा

एप्रिल २०२३. बोरिवलीची एक तरुण अभिनेत्री वेब सीरिजच्या ऑडिशनसाठी म्हणून शारजाला उतरली आणि विमानतळावरच पकडली गेली. निघताना तिच्या हातात एक ट्रॉफी देण्यात आली होती, ऑडिशनला लागेल असं सांगून. ट्रॉफीच्या आत अमली पदार्थ होते. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने तपास केला तेव्हा भलतंच बाहेर आलं. तिच्या आईशी झालेल्या भांडणाचा राग धरून उपनगरातल्याच एका बेकरीवाल्याने हा सापळा लावला, असा आरोप ठेवून पोलिसांनी त्याला आणि त्याच्या साथीदाराला अटक केली. एप्रिल संपता संपता ती तुरुंगातून सुटली, पण घरी पोचायला ऑगस्ट उजाडला.

त्याआधी जुलै २०१९ मध्ये मुंबईचंच एक जोडपं कतारला फिरायला गेलं. सहल नात्यातल्याच एका बाईंनी भेट म्हणून ठरवून दिली होती आणि जाताना तिकडच्या कुणाला तरी द्यायला एक पुडकं सोबत दिलं होतं. आत जर्दा आहे, असं सांगितलं होतं. दोहाच्या हमद विमानतळावर त्यातून ४.१ किलो चरस निघालं. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती. मुलगी तुरुंगात जन्मली. इकडे घरच्यांनी अमली पदार्थविरोधी विभागाचे, म्हणजे एनसीबीचे, उंबरे झिजवले, खरे गुन्हेगार कोण याची माहिती भारताकडून कतारपर्यंत पोचली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खटला पुन्हा ऐकायला लावला आणि एप्रिल २०२१ मध्ये आई, वडील आणि लेक मुंबईत परतले.

या दोन्ही प्रकरणांत कपड्यांचा प्रश्न नव्हता, नमाजाचा नव्हता, दारूचाही नव्हता. आपल्याकडे गोरेगावात मात्र मुस्लिम देशात जायचं म्हटलं की गोकुळधामपासून जवाहर नगरपर्यंत चर्चा एकच: साडी चालेल का, टिकली लावायची का, मंगळसूत्र काढून ठेवू का? (दुबईत साडी चालते, टिकली चालते, मंगळसूत्रही चालतं. हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.) कपड्यांची चूक झाली तर दुकानातला माणूस फार तर नाराजीने बघेल, एखादा रखवालदार शाल पुढे करेल. तुरुंगापर्यंत नेणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा घरून बॅगेत आणि मोबाइलमध्ये भरलेल्या असतात. म्हणून तयारीची सुरुवात कपाटापासून न करता तिथून करू.

दुसऱ्याचं पार्सल

सहार विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी कुणीतरी येतंच. ‘आमच्या बंटीला एवढं लोणचं द्या ना, दोन किलोच आहे.’ नाही म्हणायची आपल्याला सवय नाही, त्यात माणूस सोसायटीतला. नियम असा ठेवा की आपल्यासमोर उघडलं, तपासलं आणि आपल्याच हाताने परत बांधलं तरच न्यायचं. शिवलेली गोधडी, सीलबंद खोका, पोकळ मूर्ती, चपलांचा जाड जोड यातलं काही नेऊच नका. समोरच्याला राग आला तर येऊ द्या. विमानतळावर सही तुमची असते आणि बॅगेवरचा टॅगही तुमच्याच नावाचा असतो. ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव न्यायालयात मांडता येतो, पण तो मांडेपर्यंत तुम्ही आत असता. कतारच्या त्या जोडप्याला पुडकं देणारी व्यक्ती परकी नव्हती, हेही ध्यानात असू द्या. नातं हा काही स्कॅनर नाही.

डबा आणि औषधं

मुलगा किंवा मुलगी दुबईत आहे, सुनेचं बाळंतपण जवळ आलंय, आई-बाबा दोन महिन्यांसाठी निघालेत, असं गोरेगावातल्या कितीतरी घरांत चालू असतं. आईच्या बॅगेत काय असतं? डिंकाचे लाडू, डंकावरून कुटून आणलेला मालवणी मसाला, दिवाळी असेल तर अनारसे आणि करंज्या. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे ती म्हणजे खसखस. ती अफूच्या बोंडातून येते, आणि संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार या देशांत तिच्यावर बंदी आहे. आपल्या वाण्याकडे ती वेलचीच्या शेजारच्या बरणीत असते म्हणून तिथल्या अधिकाऱ्याला ती मसाल्याची वस्तू वाटत नाही. त्याच्या यादीत ती अमली पदार्थांच्या रांगेत बसलेली आहे. तेव्हा लाडू जरूर करा, खसखस वगळून करा. अनारसे थापायला तीळ घ्या किंवा ते घरीच खाऊन जा. मसाला तिकडेच घ्यायला सांगा. बर दुबई आणि करामा भागात भारतीय किराणा भरपूर मिळतो. सुट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पांढरी-करडी पूड भरून, वर बॉलपेनने ‘मेतकूट’ लिहून नेण्याचा मोह तर सोडूनच द्या. न्यायचंच असेल तर कंपनीचं बंद पाकीट न्या, मागे घटक छापलेले असलेलं, आणि ते घटक आधी वाचा.

विड्याची पानं आणि पानाचा ऐवज अमिरातीच्या सीमाशुल्क खात्याच्या निषिद्ध यादीत आहे. पूजेसाठी म्हणून पानं-सुपारी नेणाऱ्यांनी आणि जेवणानंतर मघई लागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, तरी तो कुठे कुठे निघतो हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे तसं चालत नाही.

औषधांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं, कारण ती नेणारी माणसं साठी-सत्तरीतली असतात आणि नाक्यावरच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय गोळ्या घ्यायची त्यांना वर्षानुवर्षांची सवय असते. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, नसांच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन, कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप ही आपल्याकडे घराघरात सापडणारी औषधं अमिरातीत नियंत्रित आहेत. ती नेता येतात, पण तिथल्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून आधी परवानगी घ्यावी लागते. सोबत डॉक्टरांची सही-शिक्क्याची चिठ्ठी आणि आजाराचा कागद लागतो. हा अर्ज मुलाने किंवा मुलीने तिकीट काढतानाच करून टाकावा.

बाकी रक्तदाब, साखर, थायरॉइड वगैरेंच्या गोळ्यांचं फारसं झंझट नाही. तरीही चार गोष्टी करा. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा. सोमवार-मंगळवारच्या खणांचा तो रंगीत डबा तिथे पोचल्यावर भरा. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही डॉक्टरांकडून स्वच्छ अक्षरात लिहून घ्या, शक्यतो टाइप करून. जास्तीत जास्त तीन महिन्यांचा साठा न्या. आणि वैद्यांनी दिलेल्या बिननावाच्या पुड्या, विशेषतः झोपेच्या आणि पोटाच्या, घरीच ठेवा. त्यांत भांग असू शकते, आणि भांग म्हणजे तिथे गांजाच. इजिप्तला जाणाऱ्यांनी ट्रॅमाडॉलबाबत आणखी काटेकोर राहावं. २०१७ मध्ये एका ब्रिटिश बाईंना या गोळ्या सोबत नेल्याबद्दल तिथे तीन वर्षांची शिक्षा झाली होती.

हातातला मोबाइल

अमिरातीत २ जानेवारी २०२२ पासून नवा सायबर कायदा लागू आहे. ऑनलाइन कुणाचा अपमान केला तर कैद होऊ शकते, किंवा अडीच लाख ते पाच लाख दिरहम दंड होऊ शकतो. एक दिरहम वीस रुपयांहून महाग आहे, म्हणजे कमीत कमी दंडच पन्नास लाखांच्या वर जातो. व्हॉट्सअॅपवर एकाने दुसऱ्याला पाठवलेला शिवीगाळीचा मेसेजही यात बसतो. टॅक्सीवाल्याशी भाड्यावरून वाजलं, हॉटेलवाल्याने खोली बदलून दिली नाही, तर तक्रार त्याच्या कचेरीत करा. त्याचं नाव घेऊन, फोटो टाकून फेसबुकवर ‘चोर आहेत साले’ लिहू नका.

परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढणं, तो इतरांना पाठवणं हाही गुन्हा आहे. आपल्याला रस्त्यावरचं भांडण, अपघात, कुणी पडलेलं, काहीही दिसलं की आधी फोन वर जातो. तिथे तो खिशात राहू द्या. देऱ्याच्या सोने बाजारात फोटो जरूर काढा, पण बुरख्यातली किंवा अबायातली बाई मुद्दाम चौकटीत घेऊ नका. विमानतळ, पोलीस, राजवाडे, लष्करी इमारती यांच्याकडे कॅमेरा वळवू नका. ड्रोन नेत असाल तर नोंदणी आणि परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

आता जरा नाजूक मुद्दा. आपल्या फॅमिली ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, सकाळच्या सुविचारांच्या मधोमध धर्मावरून जे फिरत असतं ते सगळ्यांना माहीत आहे. अमिरातीत २०१५ पासून धर्म, वंश, जात यांवरून द्वेष पसरवण्याविरुद्ध कडक कायदा आहे. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत, तिथे नोकरी करणाऱ्या काही भारतीयांनी मुसलमानांविषयी लिहिलेल्या पोस्ट तिथल्या लोकांनी उघड्यावर आणल्या आणि काहींच्या नोकऱ्या गेल्या. त्या वेळचे भारताचे राजदूत पवन कपूर यांना जाहीरपणे बजावावं लागलं की भेदभाव आपल्या नीतीत आणि कायद्यात बसत नाही आणि अमिरातीतल्या भारतीयांनी याचं भान ठेवावं. माझं सरळ मत आहे की जे तिथे लिहायला भीती वाटते ते इथे लिहायलाही लाज वाटायला हवी. पण मत बाजूला ठेवलं तरी व्यवहार असा: निघण्यापूर्वी असे ग्रुप सोडा, जुनी फॉरवर्ड पुसून टाका, आणि तिथे असताना काहीही पुढे ढकलू नका.

वर्गणीचंही तसंच. कुणाच्या ऑपरेशनसाठी, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, गावच्या मंडळाच्या गणपतीसाठी ‘यथाशक्ती मदत करा’ म्हणून क्यूआर कोड फिरवायची आपल्याला सवय. अमिरातीत परवानाधारक संस्थेखेरीज कुणालाही निधी गोळा करता येत नाही, ऑनलाइनसुद्धा नाही. हेतू चांगला होता, हे तिथे उत्तर ठरत नाही.

आणखी एक, कायद्यापेक्षा घरच्या काळजीचं: अमिरातीत व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात, पण व्हॉइस किंवा व्हिडिओ कॉल सहसा लागत नाही. बोटिमसारखं तिथे परवानगी असलेलं अॅप आधीच दोन्हीकडच्या फोनवर घालून ठेवा, नाहीतर पोचल्याचा फोन आला नाही म्हणून पांडुरंगवाडीत रात्रभर दिवे जळतील. त्यावर उपाय म्हणून भाचा व्हीपीएन सुचवेल. अडवलेल्या सेवांसाठी किंवा कुठल्याही गैरकामासाठी व्हीपीएन वापरला तर दंड लाखो दिरहमांत आहे. भाच्याचं ऐकू नका.

दुबई म्हणजे शारजा नव्हे

‘मुस्लिम देश’ असा एकच देश नाही, आणि अर्धी गडबड इथेच होते. स्वस्त तिकीट आणि स्वस्त हॉटेल म्हणून बरेच मुंबईकर शारजाला उतरतात आणि फिरतात दुबईत. दोन्ही शहरं एकमेकांना खेटून आहेत, गोरेगाव कधी संपलं आणि मालाड कधी लागलं कळत नाही तशी. पण दुबईत परवाना असलेल्या हॉटेलांत आणि बारमध्ये एकवीस वर्षांवरच्या माणसाला दारू मिळते, आणि शारजात दारू पूर्ण बंद आहे. विकायची नाही, प्यायची नाही, बाळगायचीही नाही. दुबईतली उरलेली बाटली पिशवीत घालून शारजाच्या खोलीवर नेणारा माणूस सीमा ओलांडताच गुन्हेगार होतो. शारजात कपड्यांबाबतही दुबईपेक्षा जास्त कडक नियम आहेत. २००१ पासून तिथे त्यासाठी वेगळा कायदा आहे. दुबईतही रस्त्यावर किंवा समुद्रकिनारी पिणं, पिऊन गोंधळ घालणं आणि पिऊन गाडी चालवणं गुन्हाच आहे. विमानात फुकट मिळते म्हणून चार पेग चढवून इमिग्रेशनच्या रांगेत डुलणं हाही त्यातलाच प्रकार.

२०२० नंतर अमिरातीने बरेच कायदे सैल केले. लग्न न झालेल्या जोडप्याने एका खोलीत राहणं आता गुन्हा नाही. समलैंगिक संबंध मात्र आजही बेकायदा आहेत, आणि चारचौघांत मिठ्या, चुंबन यांवर तक्रार झाली तर पोलीस दखल घेतात. हात धरून चालणाऱ्या नवराबायकोला कुणी काही म्हणत नाही.

सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१९ मध्ये पर्यटकांना दारं उघडली. परदेशी बाईला अबाया सक्तीचा नाही, पण अंगभर आणि सैल कपडे हवेत. त्याच वर्षी सार्वजनिक सभ्यतेचे नियम आले: नमाजाच्या वेळी मोठ्याने गाणी लावणं, परवानगीशिवाय लोकांचे फोटो काढणं, कचरा टाकणं यांना दंड आहे. साध्या पर्यटकाला तिथे दारू नाही. अमली पदार्थांच्या तस्करीला मृत्युदंड आहे आणि तो अमलात आणला जातो. मक्केत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. मदिनेत मशीद-ए-नबवीच्या परिसरात नाही. महामार्गावर तशा पाट्या असतात, त्या पाहून गाडी वळवायची. गंमत म्हणून पुढे जायचं नाही.

हनिमूनसाठी हल्ली मालदीवचं फार आहे, आणि तो मुस्लिम देश आहे हे पुष्कळांच्या लक्षातच नसतं. रिसॉर्टच्या बेटावर दारू, बिकिनी सगळं चालतं. पण स्वस्तात जमवायचं म्हणून स्थानिक वस्तीच्या बेटावर गेस्ट हाउस घेतलंत तर तिथे दारू नाही आणि पोहण्याचे तोकडे कपडे फक्त त्यासाठी राखलेल्या किनाऱ्यावर. मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली माले विमानतळावर काढून घेतली जाते. पूजेच्या मूर्ती आत न्यायला तिथे बंदी आहे. आईने पर्समध्ये घातलेला छोटा गणपती घरच्या देव्हाऱ्यातच राहू द्या. नोव्हेंबर २०२४ पासून व्हेपही बंद आहे, पर्यटकांनाही.

तुर्कस्तान, अझरबैजान, उझबेकिस्तान यांचं राज्य धर्मनिरपेक्ष आहे. बाकू किंवा ताश्कंदला जाऊन आलेली मंडळी सांगतात की मुस्लिम देशात आहोत असं वाटतच नव्हतं. तिथली काळजी वेगळी. तुर्कस्तानात अतातुर्कच्या स्मृतीचा अपमान करण्याविरुद्ध १९५१ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि राष्ट्राध्यक्षांचा अपमान हाही गुन्हा. पुतळ्यासमोर चेष्टेच्या पोझ देऊ नका, एवढं पुरे.

रीतभात

इथे घाबरण्यासारखं खरोखर थोडं आहे. उजव्या हाताने घ्यावं-द्यावं, आत जाताना चपला काढाव्यात, कुणाकडे पाय करून बसू नये, पाहुण्याने पुढे आलेलं नाकारू नये, हे सगळं आपल्याला आजीने शिकवलेलंच आहे. परक्या बाईशी हस्तांदोलन करायला पुरुषाने आपण होऊन हात पुढे करू नये. तिने केला तर करावं. बाईनेही पुरुषाच्या बाबतीत तसंच. उजवा हात छातीवर ठेवून मान लववली की पुरते, आणि नमस्कार तर तिथे सगळ्यांना कळतो. अरबी घरात किंवा दुकानात गहवा, म्हणजे वेलची घातलेली फिकी कॉफी, छोट्या कपात येते. कप रिकामा झाला की ती पुन्हा भरली जाते. पुरे असेल तर कप हातात हलकेच हलवून परत द्यायचा.

अबूधाबीची शेख झायेद मशीद बघायला प्रवेश फुकट असतो, पण नाव आधी ऑनलाइन नोंदवावं लागतं. बायकांना डोकं, हात आणि पाय झाकावे लागतात. साडीवर पोट-पाठ उघडी राहते म्हणून सलवार-कमीज आणि मोठी ओढणी सोयीची. पुरुषांना बर्म्युडा चालत नाही. काकांनी हे विशेष ऐकावं. आत मिठी मारून, उड्या मारून फोटो काढायचे नाहीत. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना सोडत नाहीत, त्यामुळे तो वार टाळलेला बरा. आपण हाजीअलीला गेलेलो असतो, चादर चढवतो, फुलं वाहतो, आणि मशीदही तशीच असेल असं वाटतं. मशिदीत वाहायचं काही नसतं, नमाज चालू असेल तर समोरून जायचं नसतं, आणि भिंतीवर डोकं टेकवायला जाऊ नये. इस्लाम नीट समजून घ्यायचा असेल तर दुबईच्या जुमेरा मशिदीत पर्यटकांसाठी सकाळी माहिती देतात. मनात असतील ते प्रश्न तिथे विचारता येतात, बावळट वाटणारेसुद्धा. माझ्या मते बुर्ज खलिफाच्या आधी हे करावं.

आणि हो, कपड्यांचे नियम फक्त मशिदीतच असतात असं नाही. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अबूधाबीच्या बीएपीएस हिंदू मंदिरातही मानेपासून कोपरापर्यंत आणि घोट्यापर्यंत अंग झाकलेलं लागतं. दुबईत जेबेल अलीला २०२२ पासून मोठं मंदिर आहे. म्हणजे देवदर्शनाची सोय आहे. ते आवारात करायचं, रस्त्यावर मिरवणूक काढायची नाही. गणपती तिथल्या मराठी घरांत बसतात, विसर्जन बादलीत होतं आणि ढोल-ताशा इमारतीबाहेर जात नाही. बघायला गेलात तर तोच ताल पाळा.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल, आणि २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेरीस पुन्हा, ऐन नाताळच्या सुट्टीत. दुबईत हल्ली दिवसाही हॉटेलं उघडी असतात. कुवेतमध्ये मात्र रोज्याच्या वेळेत उघड्यावर खाण्यापिण्याला १९६८ पासून कायद्याने शिक्षा आहे. कुठेही असलात तरी रोजा धरलेल्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून चिवड्याची पुडी फोडू नये. यासाठी कायदा कशाला लागतो? लहान मुलांना आणि आजारी माणसांना खायला द्यायला हरकत नसते, जरा आडोशाला द्या. संध्याकाळी इफ्तारच्या सुमारास रस्ते धावत असतात, तेव्हा टॅक्सी मिळणार नाही असं धरून चाला. रात्री बाजार फुलतो, तो मात्र चुकवू नका.

या सगळ्याबद्दल विचारायला सर्वांत चांगला माणूस ट्रॅव्हल एजंट नव्हे. रत्नागिरी-रायगडकडच्या कोकणी मुसलमान कुटुंबांतली माणसं सत्तरच्या दशकापासून आखातात नोकऱ्या करत आली आहेत, आणि जोगेश्वरीपासून मालवणीपर्यंत ती आपल्या आसपास राहतात. तिथलं पाणी, तिथले पोलीस, तिथला साहेब सगळं त्यांना माहीत असतं, आणि ते मराठीत सांगतात. चहाला बोलवा आणि विचारा.

रस्ता, मेट्रो, व्हिसा

छोट्या दंडांचं थोडक्यात. दुबई मेट्रोत खाणं, पाणी पिणं, च्युइंगगम चघळणं याला १०० दिरहम. बायका-मुलांच्या डब्यात पुरुष शिरला तर १००. सिग्नल सोडून रस्ता ओलांडला तर ४००, आणि एस. व्ही. रोड हात दाखवत पार करणाऱ्या गोरेगावकराला हे सगळ्यात जड जाणार आहे. रागाने मधलं बोट दाखवणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, गाडीच्या काचेआडूनसुद्धा. साठ हजार दिरहमांहून जास्त रोकड किंवा तेवढ्या किमतीचे दागिने असतील तर विमानतळावर जाहीर करायचे.

व्हिसाची तारीख संपल्यावर राहिलात तर दर दिवसाला ५० दिरहम. नातवंडात रमलेल्या आजी-आजोबांचं तारखेकडे लक्ष नसतं. मुलाने कॅलेंडरवर लाल गोल करावा. पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही. ‘आधी या, मग व्हिसा बदलून देऊ’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी आहे का ते बघा. नसेल तर तिथेच विषय संपवा.

अडचण आलीच तर

आवाज चढवू नका आणि ‘काहीतरी मिटवून टाका’ म्हणून पाकीट काढू नका. लाच देऊ करणं हा वेगळा गुन्हा लागेल. अरबीत लिहिलेल्या कागदावर दुभाष्याने वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. दुभाषी मागणं तुमच्या हक्कात बसतं. अटक झाली तर ‘मला भारतीय वकिलातीला कळवायचंय’ हे स्पष्ट सांगा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे तुम्ही मागितलंत तर त्यांनी ते कळवायचं असतं. अमिरातीत भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, त्याचा टोल फ्री क्रमांक ८०० ४६३४२, आणि तिथल्या पोलिसांचा क्रमांक ९९९. घरच्यांनी इकडून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. त्यासाठी पासपोर्ट क्रमांक लागतो. म्हणून पासपोर्ट, व्हिसा आणि औषधांची चिठ्ठी यांच्या प्रती, हॉटेलचा पत्ता आणि विमानाचा क्रमांक एका पाकिटात घालून निघण्यापूर्वी गोरेगावात कुणाकडे तरी ठेवून जा. आणि ते पाकीट ज्याच्याकडे दिलंय त्याचा नंबर फोनमध्ये असतोच, तो एका कागदावरही लिहून खिशात ठेवा. अटक झाली की पहिल्यांदा फोनच काढून घेतात.